हिरडीवरची कांडी : तोंडातून होणारी एचआयव्ही तपासणी आणि लोकांचा विश्वास

एचआयव्हीची तपासणी म्हणजे रक्ताची तपासणी, हे समीकरण जनमानसात पक्के बसलेले आहे. त्यामुळे दंडात सुई न टोचता आणि बोटातून थेंबही न काढता, केवळ हिरडीवरून एक कांडी फिरवून ही तपासणी करता येते असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात दिलाशाच्या आधी शंका येते. तोंडातील द्रवावरून होणारी ही प्राथमिक तपासणी, म्हणजे लागण असण्याची शक्यता आहे की नाही हे चाळून पाहणारी पहिली चाचणी, गेल्या दोन दशकांत न्यूयॉर्कच्या दवाखान्यांपासून मलावीतील वस्त्यांपर्यंत आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या प्रसूतिकक्षापर्यंत वापरली गेली आहे. ती लोकांना कुठे पटली, कुठे पटली नाही आणि का, याचा विचार करू लागल्यावर एक गोष्ट वारंवार समोर येते : सुईची भीती गेली म्हणजे चाचणीचा स्वीकार झाला, असे समजणे फार वरवरचे आहे. चाचणी नेमके काय शोधते हे ज्याला उमगलेले असते आणि निकाल हाती आल्यावर पुढे कुठे जायचे हे ज्याला ठाऊक असते, त्यानेच चाचणी खऱ्या अर्थाने स्वीकारलेली असते.

एचआयव्ही शरीरात शिरला की रोगप्रतिकारक यंत्रणा काही आठवड्यांत त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. प्रतिपिंड हे एक प्रथिन असते आणि ते ठरावीक परक्या घटकालाच ओळखून चिकटते. गोवराविरुद्धचे प्रतिपिंड गोवराच्या विषाणूला ओळखते, एचआयव्हीविरुद्धचे एचआयव्हीला. ही प्रतिपिंडे प्रामुख्याने रक्तात असतात, पण हिरड्या आणि गालांच्या आतल्या नाजूक अस्तराखाली बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्यामुळे रक्तातील पातळ द्रवाचा थोडासा अंश त्या अस्तरातून सतत तोंडात झिरपत राहतो. या झिरपण्याला शास्त्रीय परिभाषेत ‘ओरल म्यूकोझल ट्रान्सुडेट’ असे नाव आहे. या प्रकरणापुरते त्याला ‘मुखपाझर’ म्हणता येईल. लाळ ही लाळग्रंथींत तयार होते, तर मुखपाझर रक्ताकडून येतो, हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय ही चाचणी समजत नाही. मुखपाझरातील प्रतिपिंडांचे प्रमाण रक्ताच्या मानाने अनेक पटींनी कमी असले, तरी आधुनिक चाचणीपट्टीला ते पुरते.

या प्रकारातील सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली चाचणी म्हणजे ‘ओराक्विक’. तिच्या कांडीच्या टोकाला एक शोषक पट्टी असते. ती दातांच्या बाहेरच्या बाजूने वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायची आणि मग द्रावण असलेल्या छोट्या नळीत उभी ठेवायची. द्रावणात मिसळलेला मुखपाझर कांडीतल्या कागदी पट्टीवरून वर चढत जातो. त्या पट्टीवर एका ठिकाणी, विषाणूच्या प्रथिनांची हुबेहूब नक्कल करणारे, प्रयोगशाळेत बनवलेले तुकडे बसवलेले असतात. द्रवात एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडे असतील तर ती तिथे अडकतात आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे त्या जागी लालसर रेघ उमटते. तिच्या वरच्या बाजूला आणखी एक रेघ, म्हणजे नियंत्रण-रेघ, उमटते, ती चाचणी नीट चालली याची खूण. म्हणजे एकच नियंत्रण-रेघ दिसली तर निकाल नकारात्मक, दोन दिसल्या तर ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे लागण असण्याची शक्यता, आणि नियंत्रण-रेघच उमटली नाही तर चाचणी बाद. निकाल वीस मिनिटांनंतर आणि चाळीस मिनिटांच्या आत वाचायचा असतो. उशिरा वाचलेल्या निकालावर विसंबता येत नाही. चाचणीआधी पंधरा मिनिटे काही खायचे-प्यायचे नाही आणि दात घासणे किंवा चूळ भरण्याचे औषध वापरणे अर्धा तास टाळायचे, अशा सूचना असतात.

आता तो प्रश्न, जो ही चाचणी दाखवली जाते तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी विचारला जातो : लाळेतून एचआयव्ही पसरत नाही असे इतकी वर्षे सांगितले, मग तोंडातून तो सापडतो कसा? आणि सापडत असेल, तर एकाच ताटात जेवल्याने, एकाच पेल्याने पाणी प्यायल्याने किंवा चुंबनाने तो पसरत नाही हे खरे कसे मानायचे? असा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होण्याचा मोह टाळायला हवा, कारण हा प्रश्न जनजागृतीच्या अपयशातून आलेला नसून तिच्या यशातून आलेला आहे. भिंतींवरच्या रंगवलेल्या मजकुरांनी, एसटी स्थानकांवरच्या फलकांनी, दूरदर्शनच्या जाहिरातींनी आणि शाळा-महाविद्यालयांतल्या व्याख्यानांनी स्पर्शाने, शिंकेने, डासाने, एकत्र जेवणाने हा विषाणू पसरत नाही हे वाक्य लोकांच्या मनावर बिंबवले, आणि त्या वाक्यामुळे कितीतरी बाधित माणसांना घरात ताट आणि अंथरूण मिळाले. ज्याने ते वाक्य मनापासून ऐकले, त्यालाच तोंडातल्या कांडीशी त्याचा मेळ लागत नाही. जो काहीच शिकला नाही, त्याला ही विसंगती दिसतच नाही.

उत्तर सोपे आहे, पण ते अर्धवट सांगितले तर उलटे परिणाम होतात. कांडी विषाणू शोधत नाही. ती विषाणूला दिलेले शरीराचे उत्तर शोधते. पाऊस येऊन गेल्यावर अंगणातल्या ओल्या मातीवरून पावसाचा अंदाज बांधावा, तसे हे आहे. बाधित व्यक्तीच्या लाळेत विषाणूचा अंश कधीकधी आढळू शकतो हे खरे असले, तरी त्याचे प्रमाण अत्यल्प असते, लाळेतील काही प्रथिने त्याला निष्प्रभ करतात आणि लाळेच्या संपर्काने लागण होत नाही. जुन्या फलकांवरचा मजकूर म्हणून आजही तंतोतंत खरा आहे. कोविडच्या साथीनंतर या बाबतीत एक नवा गोंधळ शिरला आहे. २०२१ च्या मे महिन्यात पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरगुती कोविड चाचणीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मान्यता मिळाली, आणि नाकात कांडी फिरवून पट्टीवरच्या दोन रेघा वाचण्याचे कौशल्य असंख्य घरांत आपोआप पोहोचले. रेघा वाचण्याची सवय झाली, हा मोठाच फायदा झाला. मात्र कोविडची ती चाचणी विषाणूचे प्रथिन शोधते, आणि कांडीवर विषाणूच येतो ही तिच्यावरून झालेली समजूत माणूस एचआयव्हीच्या कांडीकडेही घेऊन जातो. त्यामुळे चाचणीसोबतच्या माहितीपत्रकावर पहिले वाक्य ‘सुई लागत नाही’ हे असण्याऐवजी ‘ही चाचणी विषाणू शोधत नाही’ हे असणे अधिक उपयोगाचे ठरेल.

चाचणीच्या वाटचालीकडे थोडक्यात पाहू. एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडे शोधणारी पहिली रक्तचाचणी अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये मंजूर झाली. तोंडातून नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत तपासण्याच्या साधनाला तिथे १९९४ मध्ये परवानगी मिळाली, पण निकालासाठी थांबावे लागतच होते. ओराक्विकच्या झटपट चाचणीला आधी २००२ मध्ये बोटाच्या रक्तासाठी आणि मार्च २००४ मध्ये मुखपाझरासाठी मान्यता मिळाली. तरीही ही कांडी सामान्य माणसाच्या हाती, औषधाच्या दुकानातून, समुपदेशकाशिवाय द्यायची की नाही हा वाद आणखी आठ वर्षे चालला. एकट्या माणसाने बंद खोलीत असा निकाल वाचला तर तो जिवाचे काही बरेवाईट करून घेईल, ही भीती त्या वादाच्या मुळाशी होती, आणि ज्या काळात एचआयव्हीवर उपचारच नव्हते त्या काळात ती निराधार नव्हती. प्रभावी औषधोपचार आल्यावर लागण वेळेवर कळणे म्हणजे आयुष्य वाचणे असा अर्थ झाला आणि तराजू झुकला. मे २०१२ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १७ विरुद्ध शून्य मतांनी घरगुती चाचणीच्या बाजूने कौल दिला आणि जुलैमध्ये तिला मंजुरी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने स्व-चाचणीची, म्हणजे व्यक्तीने स्वतः नमुना घेऊन स्वतःच निकाल वाचण्याची, शिफारस डिसेंबर २०१६ मध्ये केली.

महाराष्ट्राचा या इतिहासात फारसा न सांगितला गेलेला पण महत्त्वाचा वाटा आहे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये ग्रामीण भागासाठीचे वैद्यकीय महाविद्यालय म्हणून सुरू झाली, आणि तिच्या कस्तुरबा रुग्णालयात वर्धा व आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकरी, शेतमजूर कुटुंबे उपचारांसाठी येतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधक नितिका पंत पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५० जणांची हिरडीवरची आणि बोटाच्या रक्ताची अशी दोन्ही प्रकारे तपासणी करून ती प्रयोगशाळेतील चाचण्यांशी ताडून पाहिली गेली. मुखपाझराची चाचणी त्या गटात अचूक ठरली, आणि सहभागी झालेल्यांपैकी ८७ टक्क्यांनी हिरडीच्या चाचणीला पसंती दिली. परदेशी शहरांतल्या लोकांना आवडलेली वस्तू विदर्भाच्या खेड्यातल्या माणसाला रुचेल का, ही शंका त्या काळी रास्त होती. तिला निदान एका ठिकाणी मिळालेले हे उत्तर होते.

त्याहून बोलका अभ्यास पुढच्या वर्षी, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आईकडून बाळाला होणारी लागण वेळीच दिलेल्या औषधांनी मोठ्या प्रमाणात टाळता येते, पण त्यासाठी आईला लागण आहे हे आधी कळायला हवे, आणि गर्भारपणात एकदाही तपासणी न होता थेट कळा सुरू झाल्यावर रुग्णालयात पोहोचणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. प्रयोगशाळा रात्री बंद असते. बाळंतपण मात्र रात्री-अपरात्री होते. म्हणून २००६ च्या जानेवारी ते सप्टेंबर या काळात सेवाग्रामच्या प्रसूतिकक्षातच चोवीस तास समुपदेशन आणि झटपट चाचणी उपलब्ध करून देण्यात आली. विचारणा झालेल्या १,२५२ स्त्रियांपैकी १,२२२ जणींनी, म्हणजे सुमारे ९८ टक्क्यांनी, तपासणीला होकार दिला. त्यांपैकी ८२ टक्के स्त्रियांकडे पूर्वीच्या एचआयव्ही तपासणीची नोंद एक तर नव्हतीच किंवा अपुरी होती. पंधरा जणींना लागण असल्याचे निश्चित झाले आणि त्यांतल्या अकरा जणींना ते प्रथमच कळले. या पंधरा जणींच्या बाळांपैकी तेरा चार महिन्यांच्या तपासणीपर्यंत लागणमुक्त राहिली. लागण झालेली दोन बाळे महिन्याभरातच दगावली. एका बाधित स्त्रीची लागण हिरडीच्या आणि बोटाच्या, दोन्ही झटपट चाचण्यांतून निसटली, हेही त्या अभ्यासाने नोंदवले आहे.

या ९८ टक्क्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. आकडा घवघवीत आहे आणि त्यामागे झटलेल्या परिचारिका व समुपदेशकांचे श्रम मोठे आहेत. तरीही ही संमती कळा सोसत असलेल्या, बहुधा सासू किंवा आईच्या सोबतीने आलेल्या, रुग्णालयातल्या माणसांच्या शब्दावर आपला आणि बाळाचा जीव सोपवलेल्या स्त्रीची आहे, हे विसरता येत नाही. त्यातल्या प्रत्येकीची हिरडी आणि बोट दोन्हींवरून तपासणी झाली असल्याने हा होकार मुख्यतः तपासणीला होता, हिरडीच्या कांडीला स्वतंत्रपणे नव्हता. ‘स्वीकार’ हा एकच शब्द संशोधनात तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो : प्रश्नावलीत ‘अशी चाचणी कराल का’ याला दिलेला होकार, प्रत्यक्ष चाचणी करून घेणे, आणि निकालानंतर उपचारांपर्यंत जाणे. पहिला सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त मोजला जातो. सेवाग्रामच्या अभ्यासाचे मोल असे की त्याने शेवटची पायरी, म्हणजे बाळापर्यंत पोहोचलेले औषध आणि बाळाची पुढची तपासणी, नजरेआड केली नाही.

अचूकतेच्या प्रश्नावर लोकांना खरे सांगितले तर ते घाबरतील, म्हणून ‘९९ टक्के खात्रीशीर’ असे एकच वाक्य सांगून पुढे जाण्याची पद्धत पडली आहे. ती सोडायला हवी. चाचणीची ‘संवेदनशीलता’ म्हणजे लागण असलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती ओळखते, आणि ‘विशिष्टता’ म्हणजे लागण नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती बरोबर मोकळे सोडते. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पंत पै आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात ओराक्विकची संवेदनशीलता मुखपाझरावर सुमारे ९८ टक्के, तर रक्तावर ९९.७ टक्क्यांच्या आसपास निघाली. प्रशिक्षित हातांत असताना काही अभ्यासांत ९९ टक्क्यांच्याही पुढे गेलेली हीच चाचणी अमेरिकेत सामान्य माणसांनी घरी स्वतः करून पाहिली, तेव्हा मंजुरीपूर्व चाचण्यांत तिची संवेदनशीलता सुमारे ९२ टक्के भरली, म्हणजे लागण असलेल्या बारा जणांपैकी साधारण एकाला ‘नाही’ असे उत्तर मिळाले. कांडी तीच, हात बदलले. शिवाय लागण झाल्यापासून ओळखता येण्याइतकी प्रतिपिंडे तयार होईपर्यंतचा काळ, ज्याला समुपदेशक सर्रास ‘विंडो पिरियड’ म्हणतात, तो मुखपाझराच्या चाचणीसाठी तीन महिन्यांचा धरला जातो. गेल्या आठवड्यातल्या जोखमीबद्दल आजची कांडी काहीच सांगू शकत नाही. आणि जे एचआयव्हीची औषधे आधीच घेत आहेत त्यांनी ती वापरू नये, कारण उपचारांमुळे प्रतिपिंडे कमी झालेली असू शकतात आणि निकाल फसवा येऊ शकतो. अशा फसव्या नकारात्मक निकालाने आपण बरे झालो असे वाटून कोणी औषध सोडले, तर नुकसान फार मोठे होते.

उलट बाजूची चूक, म्हणजे लागण नसताना रेघ उमटणे, हीसुद्धा लोकांच्या विश्वासाला तितकीच घातक असते. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत २००५ च्या अखेरीस हिरडीच्या चाचण्यांत असे खोटे रिॲक्टिव्ह निकाल अनपेक्षितपणे वाढले, काही काळाने कमी झाले, पुन्हा वाढले, आणि शेवटी २००८ च्या मे महिन्यात त्या दवाखान्यांनी मुखपाझर सोडून बोटाच्या रक्ताकडे वळायचे ठरवले. चाचणीची विशिष्टता तशी उत्तमच होती. पण मोठ्या संख्येने निरोगी माणसे तपासली जातात तिथे दशांश टक्क्याची चूकही डोळ्यांत भरते. यामागचे गणित सामान्य वाचकाला सहज समजण्याजोगे आहे. समजा, भारतातील प्रौढांमधील प्रमाणाशी जुळणाऱ्या, म्हणजे हजारी दोघांना लागण असलेल्या वस्तीत दहा हजार जणांची तपासणी झाली. त्यांत वीस बाधित असतील आणि चाचणी त्यांतल्या जवळपास सगळ्यांना ओळखेल. उरलेल्या ९,९८० जणांत ९९.८ टक्के विशिष्टतेची चाचणीसुद्धा सुमारे वीस जणांसमोर चुकीची रेघ उमटवेल. म्हणजे रेघ पाहून हादरलेल्या चाळीस माणसांपैकी निम्म्यांना लागण नसेलच. हीच कांडी दर दहांत एकाला लागण असलेल्या ठिकाणी वापरली, तर हजारभर खऱ्या रेघांत खोट्या जेमतेम अठरा-वीस असतील. वस्ती बदलली की रेघेचा अर्थ बदलतो. म्हणूनच हिरडीवरची चाचणी ही निदान नव्हे, ती पुढच्या रक्तचाचणीसाठी दिलेली चिठ्ठी आहे. भारतात लागण झाल्याचा निष्कर्ष वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन रक्तचाचण्या जुळल्यावरच काढला जातो.

आफ्रिकेतील अनुभव या चर्चेत अपरिहार्य आहे, कारण घरगुती चाचणीचा मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग तिथेच झाला. मलावीतील ब्लँटायर शहरात ऑगस्टीन चोको आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात २८३ जणांपैकी २६० जणांनी थोडेसे प्रात्यक्षिक पाहून स्वतःची चाचणी स्वतः करण्याचा पर्याय निवडला. जवळजवळ सर्वांनी ती अतिशय सोपी असल्याचे सांगितले; तरीही दहातल्या एकाकडून कृतीत लहानसहान चुका झाल्या आणि दहातल्या एकाला मदत लागली. ‘सोपे वाटणे’ आणि ‘बरोबर जमणे’ यांतले अंतर यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच नोंदवले गेले असेल. पुढे त्याच शहरात वस्तीतल्याच प्रशिक्षित रहिवाशांमार्फत दोन वर्षे कांड्या वाटल्या गेल्या, तेव्हा पहिल्या वर्षी सुमारे तीन-चतुर्थांश प्रौढांनी चाचणी केली आणि दुसऱ्या वर्षीही प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. ज्या आत्महत्यांची भीती अमेरिकेतल्या वादात इतकी वर्षे बोलून दाखवली गेली, तसे काही तिथे नोंदले गेले नाही. मात्र सुमारे तीन टक्के लोकांनी आपल्याला चाचणी करायला भाग पाडले गेले असे सांगितले. चाचणी घराच्या आत शिरली की घरातले सत्तासंबंधही तिच्यावर हात ठेवतात, एवढे यावरून कळते.

केनियातील किसुमूचा प्रयोग नेमका या घरातल्या नात्यांवर आधारलेला होता. गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या एका गटाला नवऱ्याला दवाखान्यात तपासणीसाठी बोलावणारे पत्र दिले गेले, आणि दुसऱ्या गटाला घरी नेण्यासाठी हिरडीच्या चाचण्याच दिल्या गेल्या. तीन महिन्यांत पत्राच्या गटात ५१.७ टक्के जोडीदारांची तपासणी झाली, तर कांडीच्या गटात ९०.८ टक्क्यांची. दवाखान्याच्या रांगेत उभे राहायला न धजणारा पुरुष घरातल्या ओट्यावर बसून हिरडीवरून कांडी फिरवायला तयार झाला, ही किमया सुई नसण्याची जितकी, तितकीच रांग नसण्याची. पत्नीने नवऱ्यापुढे कांडी ठेवणे हे प्रत्येक घरात सुरक्षित असेलच असे नाही, म्हणून अशा कार्यक्रमांत स्त्रीला आधी घरातल्या हिंसेविषयी विचारले जाणे आवश्यक असते. किमतीचा अडथळाही काही प्रमाणात दूर झाला : अमेरिकेत दुकानात चाळीस डॉलरच्या आसपास मिळणारी ही चाचणी २०१७ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या मदतीने झालेल्या करारामुळे पन्नास विकसनशील देशांतील कार्यक्रमांसाठी दोन डॉलरला उपलब्ध झाली.

भारतात शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत, ज्यांना सगळे ‘आयसीटीसी’ म्हणूनच ओळखतात, रक्ताची तपासणी मोफत होते आणि १०९७ या मदतवाहिनीवर माहिती मिळते. सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झालेल्या एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ याने तपासणीपूर्वी माहितीपूर्ण संमती, तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशन आणि निकालाची गोपनीयता यांना कायद्याचे बळ दिले. घरी एकट्याने केलेल्या चाचणीत या तिन्ही गोष्टी कोण सांभाळणार, हा प्रश्न अडवणुकीसाठी विचारला जातो असे समजू नये. पूर्वी नोकरीसाठी, शस्त्रक्रियेआधी, लग्न ठरवताना परस्पर रक्त तपासून माणसांना वाळीत टाकण्याचे प्रकार घडले, त्या जखमांतून हा कायदा आला आहे. ज्या कांडीला डॉक्टर लागत नाही, तिला भावी सासराही पुरतो आणि मुकादमही. संमतीविषयीची जागृती म्हणूनच चाचणीविषयीच्या जागृतीपासून वेगळी काढता येत नाही : ही कांडी स्वतःसाठी आहे, दुसऱ्याच्या तोंडात घालण्यासाठी नाही, आणि कोणी ती करायला भाग पाडत असेल तर नकार देण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, हे पत्रकावर तितक्याच ठळक अक्षरांत असायला हवे.

पत्रकाची भाषा हा तर वेगळाच विषय आहे. ‘चाचणीपूर्वी पंधरा मिनिटे अन्नग्रहण टाळावे’ असे लिहिले तर विदर्भातला खर्रा तोंडात धरलेला माणूस आपण काही खाल्ले नाही असे प्रामाणिकपणे सांगेल, आणि सकाळी मशेरी लावलेली बाई ते दात घासण्यात धरायचे की नाही या विचारात पडेल. खर्रा, तंबाखू, गुटखा, पान, मशेरी यांची नावे घेऊनच सूचना लिहावी लागते. कांडी ‘हिरडीवरून’ फिरवायची म्हटले की अनेकांचा हात दातांवरून किंवा जिभेवरून जातो. तिथे चार ओळींच्या वर्णनापेक्षा आशाताईने स्वतःच्या ओठाला बोट लावून दाखवलेली एक खूण अधिक कामाची असते. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला चांगल्या बातमीचा वास येतो, म्हणून रेघांचे चित्र काढून ‘एक रेघ’ आणि ‘दोन रेघा’ असेच म्हणणे बरे. आणि दुसरी रेघ कितीही फिकट असली तरी ती रेघच आहे, हे चित्रात फिकट रेघ काढूनच दाखवावे लागते.

आणि घराचा प्रश्न उरतोच. घरच्या घरी होणाऱ्या चाचणीचे मोठे आकर्षण म्हणून एकांत सांगितला जातो, पण चाळीतल्या एका खोलीत सहा माणसे राहत असतील, ऊसतोड कामगारांच्या कोपीला दार नसेल किंवा संडास सार्वजनिक असेल, तर नळीत उभी ठेवलेली कांडी वीस मिनिटे कुणाच्याही नजरेस न पडता कुठे ठेवायची, आणि वापरून झाल्यावर टाकायची कुठे, हे प्रश्न निकालाइतकेच मोठे होतात. अशा माणसाला घरी नेण्याच्या कांडीपेक्षा ओळखीची नसलेली, दुसऱ्या तालुक्यातल्या रुग्णालयातली, पडदा लावलेली खोली अधिक खासगी वाटू शकते, आणि त्याचे ते वाटणे अगदी योग्य असते. त्या खोलीत हिरडीवरची कांडी असेल, तर ती समोर बसलेल्या समुपदेशकासोबत वापरता येते. वीस मिनिटांची वाट पाहताना मनात आलेले प्रश्न तिथल्या तिथे विचारता येतात आणि दुसरी रेघ उमटलीच, तर रक्ताचा नमुना त्याच टेबलावर, त्याच वेळी देता येतो.